गॅरेजमधील लेथ व इतर किरकोळ मालमत्तेची व्यवस्था

मी, शांता नरेंद्र रामटेके, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त गणित शिक्षिका, मूळ राहणार इंदोरा, नागपूर, हल्ली मुक्काम मॉसन लेक्स, ॲडलेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळीच मी शब्दकोडे पूर्ण केले आणि नरेंद्र यांनी भरलेला एक शब्द खोडला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर हा मजकूर बराच आटोपशीर झाला असता.

माझ्या हातांना कंप आहे, त्यामुळे खालची सही वेडीवाकडी दिसेल. ती धाकाने केलेली समजू नये. हा कंप जिवाला धोक्याचा नाही आणि जाणाराही नाही, असे डॉक्टर म्हणतात. म्हणजे लांबच्या नातेवाइकांसारखाच.

आमच्या वकीलबाई अपर्णा म्हणाल्या, "काकू, इंग्लिशमध्ये एका पानात होईल." मी म्हटले, एका पानात माझ्या गॅरेजचा एक कोपराही मावायचा नाही. शेवटी मराठीत लिहावे आणि अधिकृत भाषांतर सोबत जोडावे असे ठरले. भाषांतरकारास विनंती, की मी जिथे 'आगाऊ' लिहिले आहे तिथे सौम्य शब्द घालू नये.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. त्यात लेथ कोणालाही न देता भंगारात घालावा असे लिहिले होते. तेव्हा माझी मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. आता बोलते, बरेच बोलते, म्हणून हे नवे करणे भाग आहे.

कलम १. घर

मॉसन लेक्स येथील राहत्या घरातील माझा हिस्सा माझे पती नरेंद्र यांना मिळावा आणि त्यांच्या पश्चात सर्व घर आमची एकुलती मुलगी स्वरदा हिला.

गॅरेजचा उल्लेख वेगळा करते, कारण तेही घराचाच भाग आहे हे नरेंद्र विसरले असण्याची शक्यता आहे. लेथ आल्यापासून त्यांची गाडी बाहेर उघड्यावर उभी असते. ती घेतली तेव्हा निळी होती. तिच्यावर झाड आहे, झाडावर पोपट आहेत आणि पोपट आपले काम चोख करतात. माझ्यानंतर नरेंद्र यांनी गाडी खुशाल आत घ्यावी. आधी भुसा झाडावा, मागच्या कपाटाखालचासुद्धा.

कलम २. लेथ घरात कसा आला

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. लेथवर लाकूड गरागरा फिरते. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की ते गोल सोलले जाते. लाटणी, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब असेच होतात.

माझे वडील नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. डबा द्यायला गेले की मी लेथकडे बघत राहायची. ते म्हणायचे, "दारातच थांब. वेणी अडकली तर डोकं जाईल." मी दारातच थांबले आणि पुढे गणिताकडे वळले. गणितात वेणी अडकत नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी इथल्या आमच्या शाळेने लाकूडकामाच्या वर्गातला जुना लेथ भंगारात काढला. मी तो मागून घेतला. विवेक खोब्रागडे याने मित्राची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आणून तो घरी पोचवला. हा विवेक युनिला शिकायला आला तेव्हा आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिला. त्याची डिग्री झाली, पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी झाली, इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरीही लागली, तरी खोली सोडायचे नाव काढीना. आम्हीही काढले नाही.

नरेंद्र दारात उभे राहून म्हणाले, "हे काय आणलंस?"

"लाटणं करायला."

"लाटणं दुकानात मिळतं, शांता."

"क्रिकेटही स्टेडियमवर दिसतं. तुम्ही एवढा मोठा टीव्ही कशाला आणलात?"

दुसऱ्या दिवशी मी पार्लरमध्ये जाऊन वेणी कापून आले. नरेंद्र यांच्या लक्षात यायला पुढचा आठवडा उजाडला. "काहीतरी वेगळी दिसतेस," ते म्हणाले. "चष्मा बदललास का?"

पहिले लाटणे एका बाजूला जाड झाले. त्यावरची पहिली पोळी हुबेहूब टास्मानिया. नरेंद्र यांनी नकाशा ओळखला आणि मुकाट्याने खाल्ली. हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

कलम ३. संगणक का लावला

लाटणी चांगली होऊ लागली, लोक मागून नेऊ लागले, आणि हात थरथरायला लागले. आधी कप बशीत वाजू लागला. मग एक दिवस लाकूड फिरत असताना पटाशी हातातून निसटली आणि भिंतीला लागून खाली पडली. कोणाला काही झाले नाही. मी लेथ बंद करून स्टुलावर बसून राहिले. ॲडलेडमधल्या निम्म्या मराठी घरांत माझे लाटणे आहे, पण पुढचे मला करता येणार नाही, हे मला त्या स्टुलावर कळले.

उठले तेव्हा मात्र एक गोष्ट सुचली होती. हात थरथरतो, गणित थरथरत नाही. मग पटाशी मी धरावीच कशाला? एक मोटर पात्याला लाकडाच्या लांबीने सरकवील, दुसरी मोटर त्याला आत-बाहेर करील. कुठे किती आत जायचे ते संगणक सांगेल आणि संगणकाला मी सांगेन. खांबाची वळणे म्हणजे शेवटी आलेखच. वर्गात मुले विचारायची, "मिस, हे आम्ही कधी वापरणार?" मी म्हणायची, "कळेल." मलाही तेव्हाच कळले.

विवेक शिफ्टवरून आला की बूट न काढता थेट गॅरेजमध्ये. रूळ बसवले, लांब स्क्रू बसवले, मोटरी जोडल्या, शाळेतून निवृत्त झालेला माझा लॅपटॉप शेल्फवर ठेवला. पहिल्या चाचणीत मी पात्याला पुढे जायला सांगितले आणि ते मागे गेले.

"नो वरीज काकू, वायर उलटी लागलीय," विवेक म्हणाला.

"असू दे," दारातून नरेंद्र म्हणाले. "मी सांगतो त्याच्या उलट करायची या घरात रीतच आहे."

लाकूड बसवून घट्ट करायला स्थिर हात लागतात. विवेक नसेल तेव्हा ते काम नरेंद्र यांच्याकडे आले. त्यांनी ते कुरकुरत घेतले. स्वतःचे जुने क्रिकेटचे हेल्मेट घालून ते लाकूड आवळत, दोन पावले मागे सरत आणि "चला" म्हणून हिरवे बटण दाबत. आता मी पाहत होते आणि लाकूड माझ्या आलेखाप्रमाणे वळत होते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही, इतकी मी खूश होते.

कलम ४. डेनिस यांचा बार्बेक्यू

शेजारी डेनिस यांनी वादळात पडलेल्या रेड गमच्या झाडाची एक फांदी मला दिली. सुंदर लाल लाकूड, पण आत चीर होती. ती बाहेरून कोणालाच दिसली नाही. मी त्या दिवशी मेलबर्नला स्वरदाला व्हिडिओ कॉल लावून लेथ दाखवत होते. ती तिकडे ग्लेन वेव्हर्लीत राहते आणि सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. नरेंद्र यांनी "चला" म्हटले, लाकूड फिरू लागले आणि मधोमध फुटले. एक तुकडा उघड्या दारातून, कुंपणावरून पलीकडे गेला. पाठोपाठ डेनिस यांच्या बार्बेक्यूच्या शेगडीच्या झाकणावर घंटा बडवल्यासारखा आवाज आला.

डेनिस चिमटा हातात घेऊन कुंपणावरून डोकावले. "शांता, मेट, सॉसेज हवं होतं तर नुसतं मागायचं!"

ते हसले, मी हसले, नरेंद्रही हेल्मेटमधून हसले. फोनवर स्वरदा हसत नव्हती.

"आई, ते तुझ्या बाजूला आलं असतं तर?"

"आलं नाही ना."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर! तुझे हात थरथरतात, तुझी रिॲक्शन स्लो झालीय, आणि तू गॅरेजमध्ये... सेल इट. आजच. ते मशीन आहे तोवर मी घरी येणार नाही."

"मशीन इथंच राहील," मी म्हणाले.

आम्हा दोघींची माती एकच आहे, काय करणार? ख्रिसमसच्या सुट्टीत ती आली नाही. ईस्टरलाही नाही. नरेंद्र यांना रोज फोन करायची. "आईला सांग, औषध वेळेवर घे." मी शेजारीच बसलेली असे. "तिला सांगा, घेतलं." वरती रद्द केलेले मृत्युपत्र मी याच काळात लिहिले.

कलम ५. श्री. भास्कर मेश्राम

त्याच सुमारास इथल्या आमच्या मंडळींनी मिळून विहारासाठी एक जुनी इमारत घेतली. पुढे उंच ओटा. म्हाताऱ्या माणसांना चढायला उतार केला होता, त्याला कठडा हवा होता. विहार समितीचे अध्यक्ष भास्करराव यांनी सभेत स्टीलच्या पाइपचा ठराव मांडला.

मी उठून म्हटले, "पाइप कशाला? दवाखान्यात आल्यासारखं वाटेल. लाकडी खांब मी करून देते."

भास्करराव हसले. "शांताताई, हे काही शाळेचं प्रोजेक्ट नाही. सगळे खांब एकसारखे लागतात. एखादा कमी-जास्त झाला तर शोभा होईल. आणि तुमचा हात..."

इथे ते थांबले. हा माणूस आगाऊ आहे असे माझे तेव्हा मत झाले. पुढे ते बदलण्याचे कारण घडले नाही.

मी म्हटले, "हात लाकडाला लागणारच नाही, भास्करराव. वैशाख पौर्णिमेला कठडा उभा असेल."

मागच्या रांगेत नरेंद्र कपाळाला हात लावून बसलेले मला दिसले. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी ते हेल्मेट घालून गॅरेजमध्ये हजर होते.

कलम ६. स्वरदाचे येणे

काम छान चालले होते. पौर्णिमा जवळ आली आणि थोडेच खांब उरले, तेव्हा एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि मोटरींना हुकूम देणारा बोर्ड जळून गेला. विवेकने नवा आणून बसवला, पण तो माझ्या प्रोग्रॅमचे एक अक्षर ऐकेना.

"काकू, वायरचं असतं तर मी केलं असतं," विवेक मान खाली घालून म्हणाला. "हे सॉफ्टवेअर आहे."

सॉफ्टवेअर येणारे एकच माणूस आम्हाला ठाऊक होते. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या तिघांपैकी कोणीही तिचे नाव घेतले नाही.

नरेंद्र बाहेर गेले आणि तापलेल्या गाडीत जाऊन बसले. खिडकीतून मला त्यांचे हातवारे दिसत होते. ते काय बोलले ते मला नंतर स्वरदाने सांगितले. "तुझी आई तुला बोलावणार नाही. मी बोलावतोय. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी ये. मला ते हिरवं बटण दाबायला आवडतं गं."

शुक्रवारी संध्याकाळी ती विमानतळावरून आली ती बॅग खांद्यावर तशीच घेऊन गॅरेजमध्ये. माझ्याकडे न बघता तिने विचारले, "इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे?"

"ते काय, लाल."

"ते मशीनच्या पलीकडे आहे! म्हणजे मशीन बंद करायला मशीनवरूनच हात न्यायचा? हू डिझाइन्ड धिस?"

विवेक छताकडे पाहू लागला.

शनिवारी ती आणि विवेक जाऊन जाड पारदर्शक प्लास्टिक घेऊन आले आणि लेथवर पेटीसारखे आवरण बसवले. आवरण उघडे असेल तर मोटर सुरूच होणार नाही अशी जोडणी केली. पायाने दाबून बंद करायचे पेडल लावले. मग ती उलट्या क्रेटवर बसून माझा प्रोग्रॅम वाचू लागली. मी समोर उभी. इतकी वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या, आपली वही तपासली जाण्याची ही पहिलीच वेळ.

"आई, हे तू एकटीने लिहिलंस?"

"हो."

"इट्स टेरिबल." ती आणखी खाली वाचत गेली. "पण चालतं. का चालतं तेच कळत नाहीये."

"तुझ्या बाबांसारखं," मी म्हणाले.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग हळूच म्हणाली, "मला का नाही विचारलंस गं? मी रोज हेच तर करते."

"तू विकून टाक म्हणालीस."

"मी घाबरले होते, आई."

"मीही घाबरले होते. आज पटाशी सुटली, उद्या पेन सुटेल, परवा घास. म्हणून तर हे बांधायला घेतलं."

तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कंप थांबला नाही. तिनेही हात सोडला नाही. विवेक 'चहा बघतो' म्हणून आत गेला आणि बराच वेळ चहाच बघत राहिला.

रविवारी दुपारी नवा प्रोग्रॅम चालला. नरेंद्र यांनी हेल्मेट घातले, आवरण बंद केले, लेकीकडे पाहिले आणि "चला" म्हटले. स्वरदा ते उरलेले खांब होईस्तोवर थांबली. ऑफिसचे काम ती आमच्या जेवणाच्या टेबलावरून करत असे आणि मीटिंगमध्ये मागून लेथचा आवाज आला की "माय मदर्स ॲट वर्क" असे सांगत असे.

कलम ७. भास्कररावांची व्यवस्था

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भास्करराव स्वतःची व्हॅन घेऊन आले. प्रत्येक खांब त्यांनी चादरीत गुंडाळून तान्ह्या बाळासारखा उचलून नेला. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. विहारात कुणी पाहत नाही असे समजून त्यांनी खिशातून टेप काढला आणि खांब मोजत गेले. हेही नोंदवते. फरक सापडला नाही. टेप खिशात ठेवताना त्यांना मी दिसले. ते म्हणाले, "ऊन फार आहे आज." आकाश ढगाळ होते.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, मुलेबाळे, म्हातारीकोतारी कठडा धरून वर आली. नव्वदीच्या आमच्या एक आजी प्रत्येक खांबावर हात ठेवत, थांबत, पुन्हा हात ठेवत चढल्या. मला दुसरे काही नको होते. मग भास्करराव भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, कठडा लाकडाचाच हवा."

स्वरदा माझ्या कानात म्हणाली, "आई, ब्रीद."

म्हणून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असा वकीलबाईंचा सल्ला आहे. सबब मी भास्करराव यांनाच साक्षीदार नेमले आहे. साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवण्याची गरज नसते, याचीही मी खात्री करून घेतली आहे.

कलम ८. लेथ, हत्यारे, शिल्लक

(अ) लेथ, मोटरी, आवरण व पेडलसह विवेक खोब्रागडे याला द्यावा. त्याने आता शेड असलेले घर घेतले आहे आणि आमची मागची खोली अखेर सोडली आहे, जरी जेवायला तो इथेच असतो. स्वरदाला मी विचारले, तर तीच म्हणाली, "त्यालाच दे. माझ्या टाउनहाऊसमध्ये सायकल मावत नाही. पण सॉफ्टवेअर अपडेट मी करणार." अट एकच, आवरण कधी काढू नये. काढल्यास लेथ परत घेण्याचा हक्क स्वरदाला राहील, आणि ती तो बजावेल.

(ब) वडिलांची गोल पटाशी स्वरदाला. ती भिंतीवर लावू नये, वापरावी. केस बांधून वापरावी.

(क) प्रोग्रॅम जो मागेल त्याला फुकट द्यावेत. भास्कररावांनी मागितल्यास दोनदा मागायला लावून मग द्यावेत.

(ड) बँकेतील शिल्लक व सुपर, म्हणजे निवृत्तीचा फंड, नरेंद्र यांना. त्यातून त्यांनी गाडीला रंग द्यावा.

(इ) डेनिस हेही साक्षीदार असल्याने त्यांनाही मृत्युपत्राने काही देता येत नाही. म्हणून त्यांच्या बार्बेक्यूचे नवे झाकण मी हयातीतच दिले आहे.

या सर्वाची व्यवस्था पाहण्यासाठी मी स्वरदा हिला नेमते. तिने नरेंद्र यांचा सल्ला जरूर घ्यावा. मानावाच असे नाही.

कलम ९. अंत्यविधी

त्रिशरण-पंचशील म्हणावे. कर्मकांड नको. भाषणे थोडकी.

माझी रक्षा ठेवण्यासाठी रेड गमचे झाकणाचे भांडे मी तयार करून ठेवले आहे. आतली पोकळी विवेकने काढली, बाहेरचा आकार माझा. एक करायचेच तर दोन करावीत म्हणून नरेंद्र यांचेही केले. दोन्ही एकाच प्रोग्रॅमवर झाल्याने त्यांत केसाचाही फरक नाही. नरेंद्र म्हणाले, "माझं तोवर रिकामं कशाला ठेवायचं?" आणि त्यांनी आपल्यात चिवडा भरला. झाकण इतके नेमके बसते की चिवडा आठवडेच्या आठवडे कुरकुरीत राहतो, हे मला मान्य करावे लागते. आल्यागेल्याला आम्ही तोच देतो. भांडे कशासाठी केले आहे ते सांगत नाही.

तेव्हा स्वरदास सूचना. त्या दिवशी मला घेऊन निघण्यापूर्वी भांडे कानाशी धरून हलवून पाहावे. खुळखुळले तर ती मी नव्हे. ते खाली ठेवावे, बशा काढाव्यात आणि जमलेल्या सर्वांना चहाबरोबर वाढावे.

येणेप्रमाणे लिहून, स्वतः वाचून, एकही शब्द मागे न घेता, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

स्थळ: मॉसन लेक्स, ॲडलेड, साउथ ऑस्ट्रेलिया
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

सही: शांता नरेंद्र रामटेके

साक्षीदार:
१. डेनिस होल्ट, शेजारी. मराठी येत नाही. सही करताना दोनदा चिवडा घेतला.
२. भास्कर मेश्राम, अध्यक्ष, विहार समिती. मजकूर वाचायला मागितला. दिला नाही.